एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सॅटेलाइटवरून हिरवाई कशी मोजतात त्यावर लिहिलं होतं आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की वरून दिसलेला आकडा खरा आहे का ते बघायला कुणालातरी खाली जाऊन पानं तोडावी लागतात, मोजावी लागतात, वाळवून वजन करावं लागतं. झालं. बाकीचा अख्खा लेख बाजूला राहिला आणि त्या एका वाक्यावर पत्रं आली, मेल आले, काहींनी तर व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानांचे फोटो पाठवून "ताई हे बरोबर आहे का" असं विचारलं. सगळी छापता येणार नाहीत, सारखी होती ती एकत्र केलीत, आणि नावं मुद्दाम काढलीत कारण दोघातिघांनी स्वतःच्या गाइडबद्दल जे लिहिलंय ते नावासकट छापलं तर त्यांचं काही खरं नाही.

"मॅडम, मी एमएस्सीला आहे, प्रोजेक्ट मेळघाटातल्या सागाच्या जंगलावर आहे. सर म्हणाले तीस प्लॉट घे, पानांचं क्षेत्र मोज आणि सेंटिनेलच्या इमेजशी जुळव. पण प्लॉट केवढा, कुठे, कधी, हे कुणी सांगत नाही. रस्त्याच्या कडेने घेतले तर चालतील का?" (विद्यार्थी, अमरावती)

शेवटच्याचं उत्तर आधी देते, नाही चालणार. रस्त्याकडेला ऊन जास्त, पानांवर धूळ, घाणेरीची झुडपं माजलेली, गुरं फिरलेली, म्हणजे तू जंगल मोजणारच नाहीस, तू रस्ता मोजशील.

आता प्लॉट केवढा. सेंटिनेल-२ या सॅटेलाइटचे लाल आणि जवळच्या इन्फ्रारेडचे (लालच्या पलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचे) पट्टे १० मीटरचे आहेत, म्हणजे इमेजमधला एक चौकोन, एक पिक्सेल, १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा किती तर १०१ चौरस मीटर. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा इतकं बरं वाटलं, कारण तोपर्यंत मुलांना पिक्सेल समजवताना घसा कोरडा पडायचा आणि नंतर नुसतं "एक गुंठा" म्हटलं की काम व्हायचं. त्याच सॅटेलाइटचे लाल आणि इन्फ्रारेडच्या मधले जे पट्टे आहेत ते २० मीटरचे, म्हणजे चार गुंठे. लँडसॅट या दुसऱ्या सॅटेलाइटचा ३० मीटरचा पिक्सेल नऊ गुंठ्यांचा. आणि मोडिस या आणखी ढोबळ बघणाऱ्या सॅटेलाइटवरच्या यंत्राचा २५० मीटरचा घेतलास तर पंधरा एकरांच्या वर जातो. सॅटेलाइट त्या गुंठ्याचा एकच आकडा देतो बघ, त्यात सागाचं पान, सावली, मोकळी माती, खालचा बांबू, वाळकं गवत सगळं एकत्र कालवलेलं असतं, त्यामुळे तू एका देखण्या झाडाची पानं मोजून आणलीस आणि ती त्या आकड्याशी जुळवत बसलास तर ते कधीच जुळणार नाही.

शिवाय इमेज स्वतः काही मीटर सरकलेली असू शकते आणि तुझा जीपीएस झाडाखाली आणखी काही मीटर सरकतो, म्हणून नेमका एकच पिक्सेल पकडायच्या भानगडीत पडू नकोस. साधारण ६० बाय ६० मीटरचा एकसारखा दिसणारा तुकडा शोध, आणि त्याच्या मधोमध २० बाय २० चा प्लॉट आख. मग थोडं इकडेतिकडे झालं तरी शेजारचा पिक्सेलही तसलाच आहे. प्लॉटमध्ये एका जागी उभं राहून मोजायचं नाही, मध्ये एक आणि चार दिशांना एकेक असं किमान पाच ठिकाणी मोज आणि सरासरी काढ.

कुठे हा खरा कळीचा प्रश्न आहे आणि इथेच सगळे गडबड करतात. आधी कॉम्प्युटरवर जंगलाचे प्रकार पाड, दाट साग, विरळ साग, बांबू मिसळलेला, उत्तरेचा उतार, दक्षिणेचा उतार, आणि मग प्रत्येक प्रकारात रँडम ठिपके टाक. ठिपका जिथे पडला तिथे जायचं. तिथे गेल्यावर मन म्हणतं "अरे पलीकडे किती छान झाडं आहेत, तिकडे घेऊ", तर ते ऐकायचं नाही. आपल्याकडे पीक कापणी प्रयोगात सर्व्हे नंबर आणि शेतातली जागा रँडम आकड्यांनी ठरवतात ना, त्याचं कारण हेच, नाहीतर माणूस आपोआप चांगल्या पिकाकडे जातो. पाचसात ठिपके जास्तीचे ठेव, कारण काही ठिपके कड्यावर पडतील, आणि जो सोडलास तो का सोडलास ते वहीत लिही. तीसपैकी दहा प्लॉट बाजूला ठेव, त्यांना मॉडेल (इमेजवरून पानांचा अंदाज बांधणारं सूत्र) बनवताना हात लावायचा नाही, ते फक्त शेवटी तपासायला. ज्यावर शिकलास त्यावरच परीक्षा दिलीस तर शंभर टक्के मार्क पडणारच.

कधी? सागाची पानं फेब्रुवारी-मार्चपासून गळतात, एप्रिल-मेमध्ये जंगल खराट्यासारखं होतं. पावसाबरोबर पालवी येते पण तेव्हा वर ढग, चार महिने स्वच्छ इमेज मिळायची मारामार. म्हणून ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर, पानं पूर्ण, आकाश मोकळं. सेंटिनेल-२ चे दोन सॅटेलाइट मिळून दर पाच दिवसांनी तिथून जातात, त्या तारखा आधी काढून त्यांच्या आजूबाजूला फील्ड लाव. एक मात्र बघ, पावसाळा सरता सरता सागावर पानं चाळणीसारखी करणारी अळी येते आणि अख्खा डोंगर वरून तपकिरी दिसतो, तो प्लॉट टाकून द्यायचा नाही पण वहीत ठळक लिहायचं, नाहीतर सहा महिन्यांनी ग्राफवर एकच ठिपका का भरकटलाय म्हणून डोकं धरून बसशील.

पानांचं क्षेत्र मोजायचं यंत्र नसेल तर फोनला फिशआय लेन्स (जवळजवळ सगळं आकाश एका फोटोत घेणारी) लावून खालून आकाशाचे फोटो काढ, पहाटे किंवा संध्याकाळी, सूर्य फोटोत आला की पानं चमकून आकाशासारखी दिसतात आणि हिशोब चुकतो. आणि सागाला आणखी एक स्वस्तातला उपाय आहे, पानगळीची जाळी. एक मीटर बाय एक मीटरचं मच्छरदाणीचं कापड चार काठ्यांना जमिनीपासून वर बांधायचं आणि पानगळ संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी त्यातली पानं गोळा करायची (उशीर केला तर वाळवी खाते, आणि मार्च-एप्रिलमध्ये वणव्याची भीती असतेच). समजा एका जाळीत सगळी मिळून ३०० ग्रॅम वाळलेली पानं आली आणि एक ग्रॅम पानाचं क्षेत्र १०० चौरस सेंटिमीटर भरलं, तर ३०,००० चौरस सेंटिमीटर झालं, म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर तीन चौरस मीटर पान. हाच तो आकडा जो तुझ्या सरांना हवाय. फक्त पानाचं क्षेत्र हिरवं असतानाच मोजायचं, वाळल्यावर पान आकसतं.

व्याघ्र प्रकल्प आहे, परवानगीचा अर्ज आत्ताच टाक. आणि मेळघाट यूटीएमच्या (जगाच्या नकाशाचे उभे पट्टे पाडणाऱ्या पद्धतीच्या) ४३ नंबरच्या झोनमध्ये येतं पण ७८ रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर-चंद्रपूरकडे, झोन ४४ लागतो, मित्राची पेंचची फाइल तुझ्या फाइलला जोडायच्या आधी हे बघ.

"ताई, माझा २२ गुंठे ऊस आहे, वाळवा तालुका. अ‍ॅपमध्ये शेताच्या दोन्ही कडा पिवळ्या आणि मधे हिरवा दिसतो, शेतात जाऊन बघितलं तर सगळीकडे डोक्याच्या वर ऊस. मग खोटं कोण बोलतंय, अ‍ॅप का ऊस? आणि जर वरून दिसतंयच तर तुम्ही लोक शेतात येऊन पानं का मोजता?"

दादा, दोघंही खरं बोलतायत. तुम्ही पाठवलेल्या नकाशावरून शेत लांबट पट्टा आहे, रुंदी जेमतेम २० मीटर आणि लांबी ११० च्या आसपास. आता सॅटेलाइटची चौकट काय तुमच्या बांधाला बघून आखलेली नसते, ती तिच्या हिशोबाने उत्तर-दक्षिण पडते. २० मीटरच्या पट्ट्यात १० मीटरचे चौकोन टाकले की कडेच्या चौकोनात अर्धा तुमचा ऊस आणि अर्धा शेजाऱ्याचा, आणि तुमच्या शेजाऱ्याने खोडवा मोडून रान मोकळं केलंय असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तो पिवळा रंग शेजाऱ्याच्या मातीचा आहे, तुमच्या उसाचा नाही. जे अ‍ॅप २० मीटरचे पट्टे वापरतं त्याच्यासाठी तर तुमच्या शेतात निव्वळ तुमचा असा एकही चौकोन नाही म्हटलं तरी चालेल.

मधला हिरवा तरी किती खरा मानायचा? तो रंग ज्या आकड्यावरून येतो तो एनडीव्हीआय, म्हणजे इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. निरोगी पान लाल प्रकाश खाऊन टाकतं आणि इन्फ्रारेड परत फेकतं, समजा लाल ४ टक्के परत आला आणि इन्फ्रारेड ४४, तर ४० भागिले ४८, म्हणजे ०.८३. विरळ पिकात लाल १२ आणि इन्फ्रारेड २८ आला तर ०.४०. पण ऊस एकदा दाटला, सऱ्या झाकल्या, की हा आकडा वरती जाऊन बसतो आणि मग आणखी चार पानं आली तरी हलत नाही. ४० टनाचा ऊस आणि ६० टनाचा ऊस दोन्ही तिथे सारखेच हिरवेगार. आणि लव्हाळा-हरळी माजली असेल तर तीही हिरवीच दिसते, सॅटेलाइटला तुमचं पीक आणि तण यात काही नातंगोतं कळत नाही.

म्हणूनच शेतात यावं लागतं. आणि आल्यावर कुठलंही पान तोडून चालत नाही. वरून मोजत खाली या, ज्या पानाचा पातं आणि खोडाला वेढलेल्या भागाच्या मधला सांधा पूर्ण उघडा दिसतो असं पहिलं पान, तेच प्रत्येक वेळी, आणि मधली शीर सोडून. चिमट्यासारखं एक यंत्र असतं, पान त्यात धरलं की दोन रंगांचे किरण पानातून पाठवून हिरवेपणाचा आकडा देतं, तो आकडा म्हणजे थेट हरितद्रव्य नाही बरं का, त्यासाठी काही पानं लॅबमध्ये अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून खरं हरितद्रव्य काढावं लागतं आणि मग दोन्हींची सांगड घालावी लागते, आणि ती सांगड उसाची वेगळी, सोयाबीनची वेगळी. लागणीची तारीख लिहायची, आडसाली का पूर्वहंगामी का सुरू का खोडवा ते लिहायचं, पाणी कधी दिलं ते लिहायचं. ऊस पडलाय का, तुरा आलाय का, तेही. तुमच्यासारख्या माणसाने एवढी पाच वाक्यं लिहून दिली तर ती आमच्या महागड्या यंत्राइतकीच कामाची असतात, हे मी गोड बोलायला म्हणत नाहीये, आमची निम्मी चूक लागणीची तारीख माहीत नसल्यामुळे होते.

"साधा मोबाइलचा जीपीएस चालेल का?" (बऱ्याच जणांचा प्रश्न)

मोकळ्या रानात चालेल, तीन ते पाच मीटर इकडेतिकडे होतं. दाट झाडाखाली दहा मीटर आणि त्याहून जास्तही होतं, म्हणजे तुम्ही शेजारच्या गुंठ्यात. थांबा, फोन स्थिर ठेवा, दोनतीन मिनिटं रीडिंग घेऊन सरासरी काढणारं अ‍ॅप वापरा. अंशांमध्ये दशांशानंतर पाच आकडे लिहा, पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर, चारच लिहिले तर अकरा मीटरची ढिलाई तुम्ही स्वतःच केलीत.

आणि कृपा करून अंश-मिनिटं आणि दशांश यांची खिचडी करू नका. मी एकदा केलीये. वहीत १८ अंश ३० मिनिटं असं होतं, रात्री थकून टाइप करताना १८.३० टाकलं, खरं म्हणजे १८.५० व्हायला हवं होतं. ०.२० अंशाचा फरक म्हणजे २२ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी नकाशा उघडला तर माझे बारा गवताचे प्लॉट छान ओळीने एका धरणाच्या पाण्यात उभे, आणि गंमत म्हणजे मी आधी अर्धा तास इमेजलाच शिव्या देत होते.

"आम्ही सोलापूरजवळच्या माळरानावर गवताचं वजन मोजतोय, एक मीटरची चौकट टाकून. कॉलेजचा ओव्हन बंद पडलाय. उन्हात वाळवलं तर चालेल का? चौकट डोळे मिटून मागे फेकायची असं शिकवलंय, बरोबर ना?"

दुसरं आधी. चौकट फेकू नका. डोळे मिटले तरी हात उघडाच असतो, तो दगडधोंडा, बाभळीचं काट्याचं झुडूप टाळूनच फेकतो. घरून रँडम आकडे काढून न्या, इतकी पावलं पूर्वेला, इतकी उत्तरेला, जिथे पाय थांबला तिथे चौकट. आणि एका गुंठ्यात एकच चौकट टाकून थांबू नका, पाच तरी टाका, माळावर एका ठिकाणी मारवेल गुडघ्याएवढा आणि दोन पावलांवर नुसता मुरूम अशी परिस्थिती असते.

गवत जमिनीलगत कापायचं, सगळीकडे त्याच उंचीवर, आणि यंदाचं हिरवं आणि मागच्या सालचं वाळकं वेगळं करायचं, कंटाळा येतो पण करायचं. तिथल्या तिथे वजन. मग सगळं गवत घरी न्यायची गरज नाही, नीट मिसळून त्यातलं १०० ग्रॅम घ्या. समजा चौकटीत एकूण ओलं ६४० ग्रॅम भरलं आणि तुमचे १०० ग्रॅम वाळून ३५ झाले, तर चौकटीत कोरडं २२४ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी सव्वादोन टनांच्या जवळ. ग्रॅम प्रति चौरस मीटरला शंभराने भागलं की थेट हेक्टरी टन, हे एक लक्षात ठेवलं की कॅल्क्युलेटर लागत नाही.

आता ऊन. उन्हात वाळवलेल्या गवतात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी राहतंच आणि ते दमट दिवसाला वाढतं, म्हणून नुसत्या उन्हावर आकडा छापू नका. पण सगळं उन्हात वाळवा, वजन करा, आणि त्यातले आठदहा नमुने ज्याच्याकडे ओव्हन चालू आहे तिथे नेऊन ६५ ते ७० डिग्रीवर दोन दिवस ठेवा, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत. उन्हातलं आणि ओव्हनमधलं यांचं गुणोत्तर काढा आणि बाकीच्यांना लावा. घरचा मायक्रोवेव्ह नको, एकीने आईच्या मायक्रोवेव्हमध्ये कुसळी पेटवल्याचं मला माहितीये.

तारीख सांभाळा. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरला गवत हिरवं आणि भरलेलं असतं. डिसेंबरात तेच गवत उभंच्या उभं असतं, वजनही असतं, पण सोनेरी, आणि एनडीव्हीआयला ते दिसत नाही, त्याला वाटतं माळ रिकामा झाला. आणि जिथे मुरूम जास्त उघडा आहे तिथे मातीचा रंग आकड्यात घुसतो, त्यासाठी १९८८ मध्ये ह्यूट या संशोधकाने सुचवलेलं मातीची दुरुस्ती असलेलं सूत्र आहे, ते वापरा, पण मग उघडी जमीन किती टक्के तेही प्रत्येक चौकटीत लिहावं लागेल. चौकटीचा वरून फोटो काढून ठेवा, सगळ्यात उपयोगी तोच पडतो.

"देहरादूनला ट्रेनिंगला आलोय. उद्या फील्डला स्पेक्ट्रोमीटर घेऊन जायचंय आणि सगळ्यांना काळे कपडे घालून यायला सांगितलंय. मे महिन्यात! रॅगिंग आहे का?"

नाही रे बाबा. पांढरा शर्ट घालून पिकाजवळ उभा राहिलास की तुझ्या शर्टावरून उडालेला प्रकाश पिकावर पडतो आणि स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे परत आलेला प्रकाश रंगारंगाने मोजणारं यंत्र, तोही मोजतं. गडद कपडे घाल, सूर्याकडे तोंड करून उभा राहा म्हणजे तुझी सावली मागे पडेल, आणि बाकीच्या पोरांना लांब उभं कर, सगळे भोवती कोंडाळं करतात आणि मग तक्रार करतात की रीडिंग हलतंय.

हे यंत्र ३५० ते २५०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश वाचतं, आपला डोळा ७०० च्या आसपास संपतो. १४०० आणि १९०० च्या जवळ उन्हात घेतलेला ग्राफ वेडावाकडा नाचेल, घाबरू नको, तिथे हवेतली वाफच सगळा सूर्यप्रकाश पिऊन टाकते, तो भाग सगळेच काढून टाकतात. पांढऱ्या पाटीचं (जिच्याशी पिकाचा प्रकाश ताडून बघतात) रीडिंग दर दहा-पंधरा मिनिटांनी घे, आणि एखादा ढगाचा तुकडा आला गेला की लगेच पुन्हा घे. सकाळी दहा ते दुपारी दोन एवढीच वेळ. पाटीला बोट लावू नको, महाग असते आणि घामाचा डाग दिसतो. आणि लेन्स न लावता २५ अंशांचा कोन असेल तर एक मीटर उंचीवरून तू फक्त ४४ सेंटिमीटरचं वर्तुळ बघतोयस हे लक्षात ठेव, त्या वर्तुळात पान किती आणि माती किती ते लिही. गुंठा कुठे आणि हातभर वर्तुळ कुठे, म्हणून एका प्लॉटमध्ये वीस-पंचवीस ठिकाणी घ्यावं लागतं.

"माझा मुलगा अमेरिकेत एका पर्यावरणाच्या प्रकल्पात उन्हाळी कामाला आहे. फोनवर म्हणाला, आई, मी गलोल घेऊन झाडांची पानं पाडतो आणि त्याचे पैसे मिळतात. खरं बोलतोय का तो?" (एक आई, नाशिक)

ताई, अगदी खरं बोलतोय! तुम्ही लिहिलंय तो प्रकल्प निऑन आहे, तिकडे देशभर त्यांची ८१ ठिकाणं आहेत, जंगलं, गवताळ रानं, नद्या, तळी. हिरवळ भरात असते त्या सुमारास त्यांचं विमान वरून उडतं आणि एकेक मीटरच्या पिक्सेलमध्ये चारशेच्या वर रंगपट्टे टिपतं. एक मीटर म्हणजे एका झाडाचा शेंडासुद्धा वेगळा ओळखता येतो. मग खालच्या माणसांनी त्याच झाडांच्या शेंड्याची पानं आणायची, त्यातलं नायट्रोजन, कार्बन, लिग्निन, हरितद्रव्य, पानाचं वजन आणि क्षेत्र मोजायचं, आणि विमानाने पाहिलेल्या रंगाशी जुळवायचं.

शेंड्याचीच का, तर विमानाला तीच दिसतात. खालच्या फांदीचं सावलीतलं पान हाताला येतं पण ते पातळ असतं, मोठं असतं, उन्हातल्या पानापेक्षा त्याचा सगळा कारभार वेगळा, तुम्ही आंब्याच्या झाडावर बघा, शेंड्याचं पान आणि खोडाजवळचं पान हातात घेतलं की कळतं. त्यामुळे लांब दांड्याची कात्री, दोर, गलोल, जे जमेल ते. आपल्याकडेही आम्ही आंबे उतरवायच्या झेल्याला कोयती बांधून हेच केलंय, फक्त कुणी त्याचे डॉलरमध्ये पैसे दिले नाहीत.

"मी वनरक्षक आहे. साहेबांनी घाणेरी कुठे कुठे आहे त्याचे जीपीएस पॉइंट मागितलेत, मी दोनशे पॉइंट दिले. आता म्हणतात जिथे नाही तिथलेही द्या. नाही त्याचे पॉइंट कसले द्यायचे?"

साहेब बरोबर बोलतायत, पण त्यांनी आधीच सांगायला हवं होतं, तुमच्या चपला झिजल्या असतील. असं बघा, कॉम्प्युटरला फक्त घाणेरीच दाखवली तर तो सगळ्या हिरव्याला घाणेरी म्हणतो. त्याला करवंद दाखवा, रानमोडी दाखवा, नुसता बांबू दाखवा, हे घाणेरी नाही म्हणून सांगा, तेव्हा तो फरक शिकतो. जे दिसायला घाणेरीसारखं आहे पण नाही, ते पॉइंट सोन्याचे.

एकटंदुकटं झुडूप असेल तर पॉइंट घेऊ नका, निदान एक गुंठाभर सलग जाळी हवी आणि तिच्या मध्यावर जाता येत नाही हे मलाही ठाऊक आहे, काटे असतात, आत डुक्कर असतं, म्हणून कडेने उभं राहून दिशा आणि अंतर लिहून द्या. वर झाडांची छत्री किती दाट आहे तेही लिहा, कारण दाट छत्रीखालची घाणेरी सॅटेलाइटला दिसतच नाही. पानगळीच्या जंगलात वरची झाडं उघडी पडल्यावर आणि खालची घाणेरी वाळायच्या आधी जो थोडा काळ मिळतो त्यातली इमेज त्यासाठीच शोधतात. आणि वहीत स्थानिक नाव लिहिलंत तर सोबत फांदीचा फोटो जोडा, एकाच झुडपाला घाणेरी, टणटणी अशी दोन नावं आणि एकाच नावाची दोन झुडपं, हे गावागणिक चालतं.

"पावसाळ्यात ढग असतात मग भाताचं काय? आणि नवीन निसार सॅटेलाइटला पण पानंच तोडायची का?" (कॉलेज शिक्षक, भंडारा)

निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, इस्रो आणि नासा दोघांचा. तो रडार आहे, स्वतःच लहरी सोडतो आणि परत आलेल्या ऐकतो, त्यामुळे ढग, रात्र याची त्याला पर्वा नाही. पण त्याला हिरवा रंग कळत नाही. त्याची लांब लहर सुमारे २४ सेंटिमीटरची, ती पानांच्या मधून जाऊन फांद्या-खोडांवर आपटते. म्हणून तिथे मोजायचं वेगळं: झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, आपल्याकडे साडेचार फूट म्हणजे १.३७ मीटर, उंची, जात, आणि मातीतला ओलावा. भातात असाल तर खाचरात पाणी किती बोटं आहे आणि रोप किती उंच आहे, कारण पाणी आणि धाटं मिळून रडारच्या लहरी जोरात परत फेकतात. पानं तोडायची गरज नाही, चिखलात मात्र उतरावंच लागेल.

जंगलाच्या वजनाचा नकाशा तो १०० मीटरच्या चौकोनात देणार, म्हणजे एक हेक्टर, म्हणजे जवळपास शंभर गुंठे. तिथे २० मीटरचा प्लॉट टाकून भागणार नाही, एक हेक्टरच्या प्लॉटमधलं झाड न् झाड मोजायला चार माणसांचे दोनतीन दिवस सहज जातात, बांबू असला तर जास्त. मुलांना आधी सांगून ठेवा.

"हे सगळं नवीन फॅड दिसतंय. आमच्या वेळी असलं काही नव्हतं." (निवृत्त वाचक, पुणे)

काका, तुमच्याच वेळी होतं. १९७० च्या सुमारास केरळात नारळाला 'रूट विल्ट' नावाचा रोग पडला होता आणि पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर बागांचे फोटो काढले, आजारी झाड डोळ्याला कळायच्या आधी फोटोत वेगळं दिसतं का ते बघायला. भारतातल्या रिमोट सेन्सिंगची सुरुवात तिथूनच धरतात. आणि पिशारोटी म्हणजे तुमच्या पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक, पाषाण रोडवरून जाता-येता तुम्ही ती इमारत पाहिली असेल. तेव्हाही फोटोतलं कुठलं झाड आजारी ते ठरवायला कुणीतरी खाली नारळाच्या बुंध्याशी उभं होतंच.

"पानं कागदी पिशवीत ठेवायची का प्लास्टिकच्या?"

ओलं वजन करायचंय तोवर प्लास्टिकच्या, हवाबंद, थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसोबत, आणि शक्य तितक्या लवकर वजन. वाळवायला टाकताना कागदी, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. लेबल पेन्सिलीने, शाई ओल्या पानाने पसरते. एक लेबल आत, एक बाहेर. आणि रिकाम्या पिशवीचं वजन आधी करून ठेवा, ते सगळेच विसरतात, मीसुद्धा.